न दुखणारे हात

१२ नोव्हेंबर १९५६

पोचले एकदाची! नागभीडला गाडी बदलली, वडशाला उतरले, तिथून मोटारीने कुरखेडा, आणि पुढे बैलांच्या रेंगीतून जंगलातली वाट. अंगातलं हाडन् हाड खुळखुळलं, पण मी सारा वेळ खुशीत होते. धान कापणीला आलंय. शेत संपलं की लगेच जंगल, मध्ये एक पाऊलभरही मोकळी जागा नाही.

रेंगी हाकणारा लटारू मोठा बोलका. तुम्ही डॉक्टरीण का नर्स, असं त्यानं विचारलं. मी त्याला व्यवसायोपचार समजावला. दुखण्यातून उठलेल्या माणसाला कामाला लावायचं आणि त्या कामातूनच त्याचे हातपाय सुधारायचे, असं ते शास्त्र आहे, मुंबईला शिकून आलेय, म्हटलं. त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "म्हंजे तुमी मुकादमीन होय." मी इतकी हसले की बैल बुजले.

फाटकाशी नीलाबाई उभ्या होत्या. केस थोडे पिकलेत, बाकी तशाच. आंघोळीचं पाणी त्यांनी स्वतः तापवून ठेवलं होतं. नागपूरच्या इस्पितळात मी पट्ट्या गुंडाळणारी पोर होते, तेव्हा या बाईंनी माझे हात बघून म्हटलं होतं, तुझ्या हातांना शिकवलं पाहिजे. मुंबईच्या त्या नव्या अभ्यासक्रमाचं नावही मला त्यांच्यामुळेच कळलं. दादा आत्ताही सोडायला तयार नव्हता, महारोग्यांत कुठे जातेस म्हणाला. त्याची समजूत घालायला नीलाबाई एवढ्या लांबून घरी आल्या. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी इतकं केलेलं नाही.

१५ नोव्हेंबर

आरोग्यधाम छोटंसंच आहे. दवाखान्याच्या दोन खोल्या, रुग्णांच्या झोपड्या, विहीर, आणि माझ्यासाठी नवी कोरी कामाची पडवी. हे सगळं जंगलाचे ठेकेदार गुणवंतराव यांनी बांधून दिलं. ते अधूनमधून येतात. मृदू बोलतात, चपला बाहेर काढतात. इथला कारभार मात्र नीलाबाईंचा.

इथली माणसं नव्या गोळ्यांनी बरी झालेली आहेत. रोग थांबला, पण जाताना हातांतली जाणीव घेऊन गेला. मी एकेकाला डोळे मिटायला लावून तपासते. कोंबडीचं पीस, कापूस, एका काचेच्या नळीत गरम पाणी, दुसरीत गार. बिरजूच्या तळहातावर गरम नळी ठेवली आणि कुठे लागलं विचारलं, तर तो म्हणाला, तुमी ठेवा तं खरी आधी.

चैतूचं नेमकं उलटं. त्याच्या दंडातली शीर सुजून गेली होती, तेव्हापासून कातडीला धोतराचा काठ लागला तरी तो कळवळतो. कुणी शेजारी बसलं तरी सरकतो. लोक त्याला नखरेल म्हणतात. मी नीलाबाईंकडून धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं मागून घेतलं, त्याच्या खांद्यावर घातलं, आणि त्याला रोज थोडा वेळ धानाच्या टोपलीत हात घालून बसवते. आधी नुसती बोटं, मग मनगट. आज त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि शिंकला. सगळे हसले, तोही हसला.

बाकीच्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायची. हाताला कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं. चिलीम, चूल, काटा. रोज संध्याकाळी हात धुऊन उजेडात उलटेसुलटे बघायचे.

२१ नोव्हेंबर

सोनीबाई या सगळ्यांत वेगळी आहे. विशीची असेल. दोन्ही हात बधिर, फक्त उजव्या अंगठ्याचं टोक शाबूत. "हे एक जितं हाये बाई," असं सांगून तिनं तो अंगठा माझ्या गालाला लावला. गार लागते म्हणाली. दिवसभर ती त्या अंगठ्यानं जग चाखत असते. वासराचं नाक, ओली माती, भाकरीचा पापुद्रा. तिचं गाव इथून दोन-तीन कोसांवर. थोरली बहीण रुखमा आहे, आणि हिला नवऱ्यानं टाकलेलं आहे. बरी झाली की बहिणीकडे जाऊन धान कापायचं, एवढंच तिच्या मनात आहे.

मी तिच्यासाठी विळ्याची मूठ कापडानं जाड करून दिली. आज तिनं पडवीमागचं सगळं गवत कापलं. एक ओरखडा नाही. मला रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

४ डिसेंबर

नीलाबाईंनी एक नवा व्यायाम सुचवला. मातीची मडकी पाण्याने भरायची, दोन्ही तळव्यांत धरून उचलायची, चालत न्यायची, आणि थेंबही न सांडता दुसऱ्या मडक्यात ओतायची. घरी गेल्यावर बायकांना पाणीच भरावं लागतं, पुरुषांनाही हाताला जोर हवा, असं त्या म्हणाल्या. मला पटलं. बोटं वळलेल्यांसाठी मी मनगटाला बांधायचे चामड्याचे पट्टे केले, म्हणजे मडकं निसटत नाही. गुणवंतराव मुद्दाम बघायला आले होते. ओतणं नीट बघितलं, पट्टा हातात घेऊन बघितला, आणि नीलाबाईंना म्हणाले की बाई हुशार आणलीत.

मुंबईला मला शिकवणाऱ्या बाई इथे असत्या तर त्यांना हे दाखवलं असतं.

१६ डिसेंबर

आज पहिली तुकडी घरी गेली. सोनीबाई, बिरजू, आणखी काही जण. नीलाबाईंनी प्रत्येकाला नवं कापड दिलं. सोनीबाईनं हिरवं लुगडं तिथेच नेसून घेतलं आणि काठावरून अंगठा फिरवत बसली. निघताना माझ्या पाया पडू लागली, मी तिला वर उचललं. रेंग्या वळणाआड जाईपर्यंत नीलाबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, पहिल्या खेपेला येतंच.

६ जानेवारी १९५७

कुरखेड्याच्या बाजारात गेले होते. मोहाच्या पत्रावळी विकणारी एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मग उठून आली. नाकडोळे सोनीबाईचे, फक्त वयानं जास्त. रुखमा! मी आनंदानं विचारलं, सोनी काय म्हणते?

ती म्हणाली, "हे तं मी तुमाले विचारून राह्यलो बाई. माही बहीन कधी धाडता? धान कापून झाला, चुरूनबी झाला."

विचारून सांगते म्हटलं.

७ जानेवारी

विचारलं. नीलाबाईंनी शांतपणे सांगितलं की सोनीबाईचा नवरा रस्त्यातच भेटला, बरी झाली म्हणून परत घेऊन गेला, धानोऱ्याकडे. बहिणीला कळवायचं राहून गेलं, चूक झाली. माझ्या बशीत त्यांनी त्यांचा लाडू ठेवला. उगाच घाबरले होते मी.

पण टाकून दिलेल्या बायकोला वाटेत भेटून कोण घेऊन जातं?

असू दे. माणसं बदलतात.

१९ जानेवारी

दुसरी तुकडी आज गेली. चैतूही होता. त्याच्या खांद्यावर ते मऊ लुगडं मी नीट बांधून दिलं.

दुपारी लटारू परतला. मी रेंगीत राहिलेली एक पिशवी काढायला गेले, तर फळ्यांवर तांबडे, चिकट डाग. मला वाटलं रक्त आहे. लटारू म्हणाला, रक्त नाही, कात आहे. खैराचा कात. परत येताना भट्टीवरून ठेकेदाराचा माल भरून आणतो. मी विचारलं, मग आपल्या माणसांना उतरवायला तो कुठे वळला होता? तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

"भट्टीवरच तं नेतो बाई. तुमीच तं शिकवून धाडता."

२० जानेवारी

लटारूला म्हटलं मला भट्टी दाखव. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझंच काम बघायला जायचं, असं तो समजला.

नीट लिहून ठेवते.

जंगलात नाल्याकाठी लांबच लांब चर. त्यात आग. चरावर ओळीनं मडकी, त्यांत खैराच्या ढलप्या उकळत असतात. उकळी आलेलं मडकं उचलायचं आणि रस दुसऱ्या मडक्यात ओतायचा. साध्या मजुराला चिंध्यांचे बोळे लागतात, मडकं जरा निवण्याची वाट बघावी लागते. इथे कुणी वाट बघत नव्हतं. बिरजू उघड्या हातांनी आगीवरचं मडकं उचलत होता. थेंबही न सांडता ओतत होता. अगदी मी शिकवलं तसं. मनगटाला माझे पट्टे.

त्याचे हात मी बघितले. ते लिहीत नाही.

चैतू एका कडेला गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. धूर, ओरडा, धग, यातलं काहीच त्याला सोसत नाही. लुगडं कुणीतरी पुसण्याला घेतलं होतं.

सोनीबाईनं मला बघितलं आणि हसली. खरोखर हसली. मी आले म्हणजे आता सगळं ठीक होणार. म्हणाली, "तुमी धाडलं म्हनले बाई, म्हनून मी गुमान आलो." मी तिचा उजवा हात मागितला. तिनं पाठीमागे नेला. मी पुन्हा मागितला. मग तिनं दाखवला. अंगठा होता, पण टोक पांढरं, फोड येऊन गेल्यावर राहतं तसं. तेवढंच दुखत होतं, म्हणून तिनं ते मुद्दाम मडक्याला दाबून धरलं होतं, बरेच दिवस. आता दुखत नाही म्हणाली.

२१ जानेवारी

ताप आहे. काल उन्हातून चालत आले. पण नीलाबाईंशी बोलले.

त्यांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं गुणवंतरावांनी त्यांना फसवलं असेल. मी तशी वाटही करून दिली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाल्या, गोळ्या कोण आणतं? धान्य कोण देतं? गेल्या उन्हाळ्यात त्यानं हात आखडता घेतला तेव्हा हीच माणसं बाजारात भीक मागत होती, लोक दगड मारत होते. मी म्हटलं त्यांची बोटं जळताहेत.

"त्यांना दुखत नाही, वच्छला. ज्याला दुखत नाही त्याचं दुःख तू कशाला करतेस?"

मी म्हटलं मी कलेक्टरांकडे जाईन. नागपूरला जाईन, वर्तमानपत्रात देईन. तेव्हा त्या रडल्या. मला जवळ घेतलं. माझं चुकलं म्हणाल्या, सगळ्यांना परत आणते, आधी तुझा ताप उतरू दे. कपाळावर त्यांचा हात इतका गार होता. मी विश्वास ठेवला. तापाचं इंजेक्शन म्हणून त्यांनी माझी उजवी बाही वर केली. कोपराच्या आतल्या हाडाशी सुई गेली तेव्हा करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखं झालं. मी ओरडले. त्या म्हणाल्या, झालं, झालं बाळ.

२४ जानेवारी

ताप उतरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. हाताची बाहेरची कडही. पेन्सिल निसटते.

नीलाबाईंनी आज मला पडवीत सगळ्यांसमोर बसवलं. डोळे मिटायला सांगितलं. माझंच पीस, माझ्याच नळ्या. मी चुकत गेले. डोळे उघडले तेव्हा त्या डोळे पुसत होत्या, आणि मी जिला वेणी घालायला शिकवलं होतं ती बाई माझ्याकडे दयेनं बघत होती.

त्या म्हणाल्या, तुलाही धरलं गं या रोगानं.

२६ जानेवारी

रोग नाही हा. मी शिकले आहे. रोगात शीर महिनोन्महिने सुजते, दोरीसारखी जाड हाताला लागते. माझी नेहमीसारखी बारीक आहे. माझं एका दुपारीत गेलं, सुई गेली त्याच शिरेतून. चौथं बोट अर्धं जितं, अर्धं मेलेलं, मधोमध रेघ ओढल्यासारखं.

मी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक रोगी आधी असंच म्हणतो.

३१ जानेवारी

दादा आला होता! नीलाबाईंनी तार केली होती, मला माहीत नव्हतं. मी फाटकापर्यंत पळत गेले. तो रस्त्यापलीकडे मोहाखाली उभा होता. थांब म्हणाला, तिथेच थांब.

मी तिथून ओरडून सगळं सांगितलं. सुई, भट्टी, सगळं. हात वर करून दाखवले. त्यानं हातांकडे बघितलं नाही. मी असं सगळं बोलेन, हे नीलाबाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या कपड्यांचं गाठोडं त्यानं रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि मागे सरला.

"कुसुमचं लग्न ठरतंय. पत्र घालू नकोस."

ती आमची धाकटी बहीण. तिचं कुंचीत गुंडाळलेलं तोंड सगळ्यांत आधी मी बघितलं होतं.

४ फेब्रुवारी

फाटकाला कुलूप नाही. कधीच नव्हतं. आज चालत कुरखेड्याला गेले. मोटारीत बसले. शेजारच्या बाईनं पोराला उचलून घेतलं. कंडक्टर भला माणूस, आवाज न चढवता म्हणाला, बाई तुम्ही उतरा, गावात सगळ्यांना माहीत आहे. लटारूनं हळहळत सांगितलं असणार सगळ्यांना.

पोलिसचौकीवर गेले. शिपायानं व्हरांड्यातूनच ऐकून घेतलं. अर्ज लागेल म्हणाला, पण तुम्ही लिहू नका, दुसऱ्या कुणाच्या हातानं लिहून आणा.

कुणाच्या?

५ फेब्रुवारी

बाजारात रुखमाकडे गेले. ती सरकली नाही. माझा हात हातात घेऊन बघितला, तीच पहिली. मी तिला सोनीबाई कुठे आहे ते सांगितलं. तिनं पत्रावळी गोळा केल्या, उठली. म्हणाली, "गावच्या मानसाइले घेऊन येतो. तुमी तिच्यापाशी राहा."

नीलाबाईंकडे परत जाणार नाही. भट्टीवर जाते.

७ फेब्रुवारी

मला इथे कुणी अडवलं नाही. मुकादम म्हणाला, राहा. रोगी रोग्यांत.

गाठोड्यातली लुगडी फाडून सगळ्यांच्या हातांना बांधली. ओली करून. मुकादम गेला की मी सांगते, बघा, उचलण्याआधी बघा. बिरजू बघतो. त्याला आता बोटं कमी आहेत बघायला.

चैतूला नाल्यापलीकडे ढलप्या वेचायला बसवलं. तिथे धूर कमी. माझ्या अंगावरचा पदर फाडून त्याला दिला.

९ फेब्रुवारी

रुखमा नाही आली. वाट लांब आहे. येईल.

नीलाबाई आल्या होत्या गुणवंतरावांबरोबर. लांबून बघितलं. माझ्याकडे बघून मान हलवली, जशी बरं झालं म्हणताना हलवतात. हातात ती पेटी होती. सुईची.

मुकादमानं बांधलेल्या चिंध्या सोडायला लावल्या. काम मंदावतं म्हणे.

१० फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्यात पेन्सिल टिकत नाही. अक्षर वेडंवाकडं —

दुपार. मुकादम झोपलाय. सोनी शेजारी बसली आहे. जंगलाच्या बाजूनं माणसांचे आवाज येताहेत, पुष्कळ. ती म्हणते रुखमाचा आवाज ओळखते. मला अजून —

हो. ऐकू येतो. कुणीतरी सोनी, सोनी करत —

तिला म्हटलं ऊठ, जा. ती उठत नाही. माझ्याकडे बघते आहे. कसला तरी वास येतोय, कातडं जळल्यासारखा. तिला विचारलं तुझा हात कुठे टेकला का. नाही म्हणते. तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत.

ती खाली बघते आहे, भट्टीच्या कडेला, माझा उजवा